हिंजवडीची कोंडी, गणिताच्या भाषेत

मुळशी तालुक्यातले हिंजवडी आयटी पार्क वाहतूक-गणित शिकण्यासाठी जिवंत प्रयोगशाळा ठरू शकते.

मूळ सूत्र : प्रवाह = घनता × वेग. म्हणजे तासाला जाणारी वाहने = एका किलोमीटरमधली वाहने × ताशी वेग.

ग्रीनशील्ड्सचे प्रारूप (1935) : घनता वाढते तसा वेग सरळ रेषेत घटतो. समजा, मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी 60 किमी आहे आणि किलोमीटरमध्ये 120 गाड्या झाल्या की वाहतूक ठप्प होते. मग 60 गाड्यांना वेग 30, प्रवाह तासाला 1,800. 100 गाड्यांना वेग 10, प्रवाह फक्त 1,000. गर्दी वाढली, पण रस्त्याचे काम घटले!

आपल्याकडची मिश्र वाहतूक : इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत वेगवेगळी वाहने एकाच मापात मोजण्यासाठी मोटार 1, दुचाकी 0.5 आणि बस किंवा ट्रक 3 एकक धरले होते.

विनाकारण कोंडी : 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात 230 मीटर परिघाच्या वर्तुळात 22 गाड्या फिरवल्या. अडथळा नसतानाही कोंडी झाली आणि ती मागे सरकत गेली.

वर्गात कसे शिकवावे : आधी प्रश्न, मग गृहीतके, समीकरण आणि शेवटी पडताळणी. विद्यार्थ्यांना सुरक्षित जागेवरून पाच मिनिटे वाहने मोजू द्या. आकडे जुळले नाहीत, तर गृहीतके तपासायला लावा. खरे प्रतिमानन, म्हणजे गणिती प्रारूप बांधणे, तिथूनच सुरू होते.