गाडी बाहेरून लखलखीत, पण आतून?



दसऱ्याला आपण गाडी धुतो, तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. बाहेरून गाडी लखलखते. पण एकदा दार उघडून आत पाहा. पायाखाली वावरातली माती, सीटखाली खताचे दाणे, कोपऱ्यात शेंगांची टरफले! आपली गाडी नुसती माणसे नेत नाही. सकाळी तिच्यातून खताची गोणी आणि फवारणीचे औषध येते, आणि दुपारी त्याच जागी मुले बसतात. म्हणून गाडी आतून साफ करणे ही हौस नव्हे, घराच्या आरोग्याचे काम आहे.

आधी विषाचे पाहा

आपण 'औषध' म्हणतो, पण असते ते विष. ते कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. कीटकनाशके खाद्यपदार्थांना लागतील अशी नेऊ नयेत, असे १९७१ च्या नियमांतही सांगितले आहे.

डबा गळला असेल तर मुलांना दूर करा. सर्व दारे उघडून वारा खेळू द्या. रबरी हातमोजे घाला, नाकातोंडावर फडके बांधा. सांडलेल्या जागी कोरडी माती टाका. ती ओल शोषून घेईल. मग ती माती गोळा करून विहीर-ओढ्यापासून दूर, खोल पुरा. नंतर ती जागा साबणाच्या पाण्याने दोन-तीन वेळा पुसा. ते फडके पुन्हा घरात आणू नका. विष गादीत किंवा पायपुसणीत मुरले असेल तर ती बदललेलीच बरी.

मग बाकीची सफाई

गाडी सावलीत लावा. नियम दोनच: आधी कोरडे, मग ओले, आधी वरचे, मग खालचे. पायपुसण्या काढून झटका. जुन्या रंगाच्या ब्रशने फटींतली धूळ काढा आणि शेवटी सीटखालून झाडून घ्या. सांडलेले धान्य राहू देऊ नका. दाण्यासाठी उंदीर येतो आणि जाताना वायर कुरतडतो. आत पाण्याचा पाईप मात्र कधीच मारू नका. सीटखाली विजेच्या तारा असतात. पिळलेले ओले फडके पुरे. रॉकेलही नको, त्याने रबर बिघडते आणि आगीची भीती राहते.

सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाने पुसा. सावलीत खडखडीत वाळल्यावरच आत सोडा.

काचा

काचेवर आतून एक धुरकट थर साचतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरून दिव्याचा झोत आला की सारी काच पांढरी होते, आणि उसाची बिनदिव्याची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते. म्हणून काच एका ओल्या आणि एका कोरड्या फडक्याने पुसा. आतून आडवी पुसा, बाहेरून उभी. मग राहिलेला डाग कोणत्या बाजूचा, ते लगेच कळते. मागच्या काचेवर बारीक तारा असतील तर त्यांच्याच दिशेने हात फिरवा. डॅशबोर्डला तेल चोळू नका. त्याची चमक काचेत उमटते आणि डोळे दिपतात.

दारांच्या फटी

दाराची चौकट आणि बिजागरी उघडून पुसा. खताचे दाणे ओल धरतात आणि पत्रा खातात. दाराच्या खालच्या काठाला बारीक छिद्रे असतात. काचेच्या फटीतून दारात उतरलेले पावसाचे पाणी तिथूनच बाहेर पडते. चिखलाने ती बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून सडतो. बाहेर फोड दिसेपर्यंत काम झालेले असते! म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर ही छिद्रे काडीने मोकळी करा. रबराच्या पट्ट्या कोरड्या पुसा.

महिन्यातून दोनदा एवढे केले तरी पुरे. काचा पुसायला मुलांना हाताशी घ्या. औषधाची जागा मात्र मोठ्यांनीच साफ करावी. आणि पुढच्या वेळी औषधाचा डबा आणताना तो झाकणाच्या बादलीत ठेवून, माणसे नसतील त्या फेरीत आणा. सांडलेले पुसण्यापेक्षा सांडू न देणे केव्हाही सोपे.