जुन्या फरशीवर नवी फरशी

संस्कृतात फरसबंद जमिनीस 'कुट्टिम' म्हणतात. 'कुट्ट्' म्हणजे कुटणे. वरच्या पाषाणापेक्षा खाली धुमसाने कुटलेल्या थरासच नाव देताना पूर्वजांनी अधिक मान दिला, असे वाटते. हल्ली नागपुरात महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्तीतील घरांत शहाबादी किंवा रंगीत सिमेंटच्या फरशीवरच नवी फरशी चढवितात. फोडाफोड नाही, धुरळा नाही, काम लवकर उरकते, हे फायदे खोटे नव्हेत. परंतु खालचा थर कसा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक फरशी लाकडी दांड्याने ठोकून पाहावी. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व वैशाखात भेगाळते. त्यामुळे जमीन खचून फरशी पोकळ होते. पोकळ फरशीवर बसविलेली नवी फरशीही तडकते. म्हणून अशा जागा उकरून, भरून, कुटून घ्याव्यात. जमिनीत ओल असल्यास आधी तिचा बंदोबस्त करावा. चकचकीत फरशी ओल वर येऊ देत नाही, मग ती भिंतीत शिरते आणि लोणा लागतो.

दुसरी गोष्ट वजनाची. २० मिलिमीटर सिमेंटचा मसाला व १० मिलिमीटरची फरशी घातल्यास १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीवर सुमारे ७०० किलो भार वाढतो. लाकडी तुळयांवरील माडीवर हा प्रयोग करूच नये.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि ती आम्ही स्वानुभवाने शिकलो. आमच्या माजघराची जमीन सव्वा इंच वर आली. उंबरठा जवळजवळ बुडाला, दारे तासावी लागली आणि न्हाणीघराच्या तोंडाशी नवी पायरी उत्पन्न झाली. साठ वर्षे त्या वाटेने अंधारातही निःशंक वावरलेल्या आमच्या मातुःश्री तिसऱ्याच दिवशी तेथे अडखळून पडल्या व त्यांचे मनगट मोडले. दोष गवंड्याचा नव्हता. उंची आधी मोजून न पाहणाऱ्या माझाच होता.

तेव्हा नवी फरशी घालणेच असेल, तर जुनी सोड्याने धुऊन तेलकटपणा काढावा, टाचे मारून ती खरबरीत करावी आणि फरशी चिकटविण्याचा तयार मसाला पातळ थरात वापरावा. म्हणजे उंची अर्ध्या इंचाच्या आसपासच वाढते. भिंतीलगत थोडी फट ठेवावी. मोरीकडचा उतार मोडू देऊ नये.

मात्र टाचे मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मुंबईत १९२२ साली निघालेल्या 'भारत टाइल्स'सारख्या स्वदेशी कारखान्यांनी केलेल्या वेलबुट्टीच्या फरश्यांचा रंग नुसता वरवरचा नसतो, त्याचा चांगला जाड थर असतो. त्या घट्ट असतील, तर घासून पॉलिश केल्याने पुन्हा उजळतात. एकदा टाचे बसले की ती नक्षी कायमची गेली. घरातील वडील मंडळींची पावले ज्या जमिनीला सरावली आहेत, ती धड असेल तर तशीच राखावी, हेच आमच्या मते उत्तम.