पस्तिसाव्या हिश्शातली तोफ

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाड्यांची दाटी आहे. ब्रिटिशांचे चर्चिल आणि व्हॅलेंटाइन, जपानचा हा-गो, आपला विजयंता. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात रणगाडा नसलेलेही एक यंत्र आहे, ते म्हणजे जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ. ती बनवली विमाने पाडण्यासाठी, पण तिचा दरारा निर्माण झाला तो रणगाडे फोडण्यामुळे. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या आरासजवळ आणि जून १९४१ मध्ये इजिप्तच्या सरहद्दीवरच्या हल्फाया खिंडीत याच तोफांनी ब्रिटिश मॅटिल्डा रणगाड्यांची चाल मोडून काढली.

या तोफेची नळी जवळजवळ ४.९३ मीटर लांब असते. जगभरचे हौशी प्रतिकृतीकार तीच नळी १४ सेंटिमीटरमध्ये उभी करतात. ८८ मिलिमीटरचे तोंड त्यांच्या हातात अडीच मिलिमीटरचे होते. सगळ्या मापांना पस्तिसाने भागायचे आणि तरीही तोफ तोफच दिसली पाहिजे, हा या छंदाचा कायदा.

युद्धयंत्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांत रणगाडेवाले आणि विमानवाले संख्येने जास्त. तोफवाले थोडे, पण चिवट. रणगाड्याची आतली यंत्रणा चिलखताआड लपते. तोफ मात्र सगळी उघडी. धक्का पचवणारे सिलिंडर, नळी वर-खाली करणारे दातेरी चाक, नेम धरायची दुर्बीण, मागचे कुलूप, सगळे डोळ्यांसमोर. प्रत्येक भाग कशासाठी आहे हे कळल्याशिवाय तो नीट बसवता येत नाही. ८८ च्या नळीखाली पुढच्या बाजूला स्प्रिंग भरलेले दोन दंडगोल असतात. नळीचा टेकू बराच मागे असल्यामुळे तिचे तोंड जड होऊन खाली झुकू पाहते. तो भार हे दंडगोल तोलून धरतात. हे ज्याला ठाऊक आहे तो नळी उंचावलेली दाखवताना दंडगोलांचा कोनही बदलतो. ज्याला ठाऊक नाही त्याची चूक जाणकाराला तीन फुटांवरून दिसते.

तोफांच्या छोट्या प्रतिकृती करण्याची रीत प्लॅस्टिकच्या कितीतरी आधीची आहे. पॅरिसच्या म्युझे द लार्मे या लष्करी संग्रहालयात तोफांच्या जुन्या नमुन्यांचा मोठा साठा आहे. लंडनजवळच्या वुलिच इथे १७७८ साली कॅप्टन विल्यम काँग्रीव्ह यांनी तोफखान्याच्या शिक्षणासाठी भांडार उभारले. पुढे तिथल्या रोटुंडा या गोल इमारतीत नमुने आणि खऱ्या तोफा लोकांना पाहायला ठेवल्या गेल्या. गाडा कसा जोडतात आणि खिळखिळा झाला तर कसा सावरतात, हे शिकवायला असा नमुना सोयीचा. टेबलावर मावतो आणि चारी बाजूंनी पाहता येतो.

आजचे १/३५ हे माप मात्र लष्करी शाळेतून आले नाही, ते आले बॅटरीतून. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूडकामातून लाकडी नमुन्यांकडे आणि १९६० साली प्लॅस्टिककडे वळली. त्यानंतर लवकरच तिने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरवला, आणि तयार झाल्यावर हिशेब केला तर तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला. तो खपला, पाठोपाठ त्याच मापाचे सैनिक आले, गाड्या आल्या, तोफा आल्या. इतर कंपन्यांनाही तेच माप धरावे लागले. कंपनीचे शुन्साकु तामिया स्वतः अमेरिकेच्या अॅबरडीन इथल्या लष्करी संग्रहात जाऊन रणगाड्यांची छायाचित्रे घेऊन आले होते. खऱ्या वस्तूपुढे उभे राहून माप घेण्याची ही शिस्त कंपनीच्या नावलौकिकाचा पाया ठरली.

सगळ्यात जास्त घाम काढते ती नळी. जुन्या संचात ती दोन उभ्या अर्ध्या भागांत येते. भाग साच्यासोबतच्या दांडीवरून कापायचे, पातळ सिमेंट लावून चिकटवायचे आणि पूर्ण सुकू द्यायचे. मग उरते मधल्या सांध्याची रेघ. ती पॉलिश पेपरने घासायची; आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी पाण्यात भिजवून. कमी घासले तर रंगाखालून रेघ डोके काढते. एकाच जागी जास्त घासले तर नळीचा गोलावा जातो आणि ती चपटी होते. म्हणून कागद नळीभोवती गुंडाळून, नळी बोटांत फिरवत घासतात. आता लेथवर कातलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या वेगळ्या विकत मिळतात. काहींच्या आत आटेही कोरलेले असतात.

ढालीचे दुखणे निराळे. साच्यातून येणारे प्लॅस्टिक फार पातळ करता येत नाही. ढाल एक मिलिमीटर जाड आली, तर मूळ मापात ती साडेतीन सेंटिमीटरचा लोखंडी दरवाजा ठरते. काही जण कडा मागून तासतात, म्हणजे समोरून ती पातळ भासते. काही जण सरळ पितळी पत्र्याची ढाल घेतात आणि चिमट्याने वाकवतात. पितळावर प्लॅस्टिकचे सिमेंट चालत नाही, तिथे फेव्हिक्विकचा थेंब लागतो, तोही सुईच्या टोकाने.

या छंदाचे खरे मोल दोन तोफा शेजारी ठेवल्या की कळते. ब्रिटिशांच्या २५ पौंडी तोफेचा व्यास ८७.६ मिलिमीटर, म्हणजे ८८ पेक्षा अर्ध्या मिलिमीटरनेही कमी नाही. पस्तिसाव्या हिश्शात हा फरक मिलिमीटरचा शंभरावा भाग उरतो. तरी दोघींची देहयष्टी बघा. २५ पौंडीची नळी सात सेंटिमीटर, ८८ ची चौदा. एक पावणेदोन टनांच्या आसपासची, दुसरी वाहतुकीत सात टनांहून जड. ८८ चा गोळा सेकंदाला आठशे मीटरहून जास्त वेगाने सुटतो, कारण उडत्या विमानाला गाठायचे आहे. २५ पौंडीला तो वेग नको. तिला सव्वाअकरा किलोचा गोळा डोंगराआडच्या शत्रूवर कमानीने टाकायचा आहे, आणि तोही बारा किलोमीटरपर्यंत. वेगाची किंमत लांब नळी, मोठे सिलिंडर आणि फुलीच्या आकाराचा भारी पाया यांत मोजावी लागते. पुस्तकात ही तुलना वाचायला चार पाने लागतात. एकाच मापाच्या दोन प्रतिकृती ती एका नजरेत दाखवतात.

फरक माणसांतही दिसतो. ८८ चा गोळा आणि दारूचे काडतूस एकसंध असतात. गोलंदाज ते एका झटक्यात आत सारतो, कुलूप आपोआप लागते आणि धक्क्यासरशी रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. २५ पौंडीत आधी गोळा जातो, तो दांड्याने ठासावा लागतो, मग दारूचे काडतूस. म्हणून हातात दांडा घेतलेला सैनिक २५ पौंडीपाशी शोभतो, ८८ पाशी तो चुकीचा. अशी चूक टाळायला प्रतिकृतीकार जुन्या तोफखान्याच्या पुस्तिका वाचतात, लढाईची छायाचित्रे भिंगाखाली तपासतात.

काळाचेही तसेच. २५ पौंडीच्या तोंडावरचे मझल ब्रेक हे जाड टोपण १९४२ नंतरचे; रणगाड्यांवर जास्त दारूचा बार काढता यावा म्हणून ते बसवले गेले. १९४१ च्या तोब्रुकच्या लढाईच्या देखाव्यात ते दिसले, तर सगळे चित्र वर्षभर पुढे सरकते. जर्मन तोफ १९४३ च्या सुरुवातीपर्यंत युरोपात सहसा गडद करडी, त्यानंतर पिवळसर. नळीवर पांढरी कडी रंगवायची पद्धत होती, पाडलेल्या विमानांचा आणि फोडलेल्या रणगाड्यांचा हिशेब म्हणून. ही कडी रंगवताना हात थरथरू नये म्हणून सगळे काळजी घेतात. पण एकेका कड्यामागे आत बसलेली माणसे होती, याचेही भान या कामात ठेवावे लागते.

ते भान मांडणीत दिसते. अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुटी प्रतिकृती देखाव्यात नेली. पातळ रंगाचा ओघळ खाचांत सोडायचा, कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या, भोवती माती, पडकी भिंत आणि माणसे उभी करायची, ही पद्धत त्यांच्यामुळे घरोघरच्या टेबलावर पोचली. वाळवलेली चहाची पूड पालापाचोळा होते, प्लास्टरमध्ये चाकांचे चर उमटतात. तोफेचा देखावा सगळ्यांत जिवंत होतो तो माणसांच्या ताळमेळाने. २५ पौंडीवर सहा जण, ८८ वर दहाच्या आसपास. कुणी गोळा उचललेला, कुणी दुर्बिणीला डोळा लावलेला, कुणी कानांवर हात.

जर्मनीतल्या शहरांभोवतीच्या ८८ दाखवताना मात्र बाजारातले धिप्पाड सैनिक सगळी गोष्ट सांगत नाहीत. १९४३ पासून पंधरा-सोळा वर्षांच्या शाळकरी मुलांना विमानविरोधी तोफखान्यात मदतनीस म्हणून घेतले गेले. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेले योझेफ रात्सिंगर त्यांतलेच. अशा देखाव्यात पोरसवदा चेहरे आणि अंगावर ढगळ होणारे गणवेश दाखवले, तर बघणाऱ्याला त्या युद्धाने कुणाला तोफेपाशी उभे केले ते समजते. ज्या प्रतिकृतीकाराने ही मेहनत घेतली, त्याचे काम इतिहासाच्या कामात जमा धरायला हवे.

मराठी घरात लहान युद्धभूमी नवी नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. १/३५ च्या कामात मात्र पावणेसहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरचाच हवा. ही शिस्त अंगी बाणवायला इथे साधने आहेत. देवळालीच्या तोफखाना विद्यालयामुळे नाशिक परिसराचे तोफांशी जुने नाते आहे. २५ पौंडी तर आपल्याच सैन्यात दीर्घकाळ होती. प्रजासत्ताक दिनाच्या २१ तोफांच्या सलामीचा मान २०२३ साली तिच्याकडून भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या तोफेकडे गेला. त्या सलामीचे चित्रण पाहून पडद्यावरूनही चाकांचे आणि ढालीचे प्रमाण काढता येते.

त्या १०५ ची प्रतिकृती करायची तर परदेशी संचाची वाट बघत बसण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकचे पत्रे, तारा, थ्रीडी प्रिंटर आणि नीट घेतलेली मापे पुरतात. हिशेबही सोपा आहे, १०५ ला ३५ ने भागले की बरोबर ३. आतून तीन मिलिमीटरची पितळी नळी मिळवायची आणि तिथून सुरुवात करायची.