चार्टर म्हणजे मोकाट टेस्टिंगचा परवाना नव्हे

गैरसमज: एक्सप्लोरेटरी टेस्टिंग म्हणजे ॲप उघडायचं आणि वाटेल तिथे क्लिक करत सुटायचं.

त्या प्रकाराला मंकी टेस्टिंग म्हणतात. सेम कॅनर यांनी १९८०च्या दशकात एक्सप्लोरेटरी टेस्टिंग हे नाव दिलं ते वेगळ्या कामाला. यात शिकणं, चाचणी रचणं आणि ती करून पाहणं एकत्र चालतं. समोर जे दिसलं त्यावरून पुढची चाचणी ठरते. ते भरकटू नये म्हणून आधी चार्टर लिहायचा.

गैरसमज: चार्टर म्हणजे आखूड टेस्ट केस.

चार्टरमध्ये पायऱ्याही नसतात आणि अपेक्षित निकालही नसतो. कुठे शोधायचं, कशाच्या मदतीने आणि काय कळावं म्हणून, एवढंच असतं. एलिझाबेथ हेंड्रिक्सन यांच्या ‘एक्सप्लोर इट!’ (२०१३) या पुस्तकातला हाच साचा आज अनेक टीम वापरतात. उदाहरणार्थ: ‘ग्राहक-शोध तपासा, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावं वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाइप करा, एकच नाव दोन ग्राहक म्हणून नोंदलं जातं का ते शोधा.’ हा चार्टर उगाच सुचलेला नाही. ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं असतात आणि नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. आपल्याकडे हा चार्टर कुणीतरी लिहायलाच हवा.

याउलट ‘पेमेंट तपासा’ हा चार्टर नव्हे, नुसती इच्छा आहे. आणि ‘चुकीचा ओटीपी टाका, एरर येतो का पाहा’ ही सरळ टेस्ट केस झाली. तिचीही गरज असतेच, रिग्रेशनला तर नक्कीच.

गैरसमज: या कामाचा हिशेब देता येत नाही.

जोनाथन आणि जेम्स बाख या भावांनी २०००च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला. साधारण ९० मिनिटांचं, मध्ये व्यत्यय नसलेलं सेशन. त्याची लेखी नोंद. मग लीडसोबत डीब्रीफ. प्रत्यक्ष टेस्टिंग, बगचा माग आणि तयारी यांत किती वेळ गेला तेही नोंदवायचं. चार्टर सोडून आडवाटेला गेलेला वेळसुद्धा तिथे मांडतात. तो गुन्हा धरत नाहीत. तयारीच निम्मा वेळ खात असेल, तर दोष बहुधा टेस्टरचा नसून टेस्ट एन्व्हायर्नमेंटचा असतो, हे मॅनेजरला या नोंदींतूनच दिसतं. म्हणून लीडना विनंती: डीब्रीफ त्याच दिवशी घ्या, आठवड्याच्या मीटिंगवर ढकलू नका.