बाटलीच्या जागी काय मांडायचे?

पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. व्यसनमुक्तीची भाषणेही समाजाने खूप ऐकली. तरी पगाराच्या दिवशी गुत्त्याची वाट धरणारी माणसे आपल्याच घरांतली असतात, हे झाकून चालणार नाही.

ती माणसे नुसत्या नशेसाठी जातात, असे आम्हाला वाटत नाही. उसाच्या फडात, बांधकामावर किंवा एम.आय.डी.सी.त राबलेल्या माणसाला संध्याकाळी चार जणांत बसायचे असते. गुत्त्यावर त्याला कोणी ‘ऊठ’ म्हणत नाही. दारू सोडली की ही सोबतही सुटते. मग माणूस एकटा पडतो आणि पुन्हा तिकडेच वळतो. महाराष्ट्रात अनेक गावांत आयाबहिणींनी मतदान करून बाटली आडवी केली. ते मोठेच काम झाले. पण दुकान बंद झाल्यावर तिथे बसणाऱ्यांनी संध्याकाळी जायचे कुठे?

याचे एक उत्तर आपल्या चळवळीतच आहे. बाबासाहेबांनी 1924 साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, हे आपण अभिमानाने सांगतो. याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लब चालवला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तरुण पोरे जुगार आणि दारूपासून दूर राहावीत, हाच त्या क्लबचा हेतू होता.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी संसारी माणसाला संपत्ती नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या: मद्यपान, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. तेव्हा खेळ मांडायचा तो पैसे न लावता, ठरल्या वेळी आणि चांगल्या संगतीसाठी.

नीरेकाठच्या आपल्या सांगवीत हे करायला देणगीदार शोधण्याची गरज नाही. एक कॅरम, 19 सोंगट्या, थोडी पावडर, बुद्धिबळाचा एक पट आणि डोक्यावर एक दिवा एवढे पुरे. लगोरीला सात दगड आणि एक चेंडू लागतो. लंगडीला व खो-खोला आखलेली जमीन पुरते. जागा विहाराच्या आवारात किंवा समाजमंदिरात मिळते.

नियम मात्र पक्के हवेत. डावावर एक रुपयाही लावायचा नाही. पिऊन आलेल्याला त्या दिवशी खेळायला घ्यायचे नाही; पण तोच उद्या शुद्धीवर आला, तर कालचा विषय न काढता त्याच्यासाठी जागा करायची. बायका आणि मुलींनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत, त्यांचाही डाव लागला पाहिजे. त्या खेळत असतील तेव्हा चहा पुरुषांनी ठेवावा.

आणखी एक गोष्ट. नुसते एकत्र खेळल्याने भेद जात नाही. पालवणकर बाळू हे आपल्या देशाचे मोठे गोलंदाज. पुण्यात सवर्ण खेळाडू त्यांच्याबरोबर मैदानात उतरत, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा देत. चेंडूचा विटाळ नव्हता, कपाचा होता! पुढे 1923 साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, पण त्यासाठी या घराला कित्येक वर्षे झगडावे लागले.

हे ज्यांनी सोसले त्यांनी आपल्या खेळाला कुंपण घालू नये. मातंग, चर्मकार, मुसलमान, मराठा, ज्याला यायचे त्याने यावे. गाळपाच्या हंगामात ऊसतोड कामगार मराठवाड्यातून इकडे येतात. त्यांची मुले कोपीवर एकटी खेळतात. त्यांनाही हाक मारावी. चहाची किटली एक आणि कपही सारखेच असावेत.

एका संध्याकाळी दारू सुटत नाही, हे आम्हाला कळते. पण जी संध्याकाळ कॅरमपाशी गेली, त्या संध्याकाळची मजुरी घरी पोचते. त्या रात्री पोरे भांडणाच्या आवाजाने दचकून उठत नाहीत. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर लगेच घरी न जाता आवारात सतरंजी टाका आणि पहिला डाव मांडा.

जयभीम!