‘एक्झिबिशन’ : एका शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

सरसाण्याच्या भव्य केंद्रापासून पांडेसऱ्याच्या एखाद्या वाडीपर्यंत ‘एक्झिबिशन’ किंवा ‘एक्स्पो’ हा शब्द रंगविलेला फलक आपल्या नित्य दृष्टीस पडतो. आपल्या घरांतील मुलेही तो सहज उच्चारतात. तथापि जो शब्द आपण इतक्या मोकळेपणाने वापरतो, त्याच्या पोटात काय काय दडलेले आहे, हे व्यापाऱ्याने एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण त्यातील एका अर्थाकडे दुर्लक्ष झाल्यास पदरचे गमावण्याचा प्रसंग येतो.

शब्द मूळचा लॅटिन. ‘बाहेर’ आणि ‘धरणे’ अशा दोन अंशांचा तो बनला असून, हातातील वस्तू लोकांपुढे बाहेर धरणे हा त्याचा गाभा होय. त्यावरून इंग्रजीत त्याला नाना शाखा फुटल्या. न्यायालयात पुराव्यादाखल दाखल केलेल्या वस्तूस वा कागदास ‘एक्झिबिट’ म्हणतात. महाराष्ट्रातील न्यायालयांत तीच ‘निशाणी’ आणि गुजरातेत ‘आंक’. चित्रपटगृह चालविणारा तो ‘एक्झिबिटर’. स्पर्धेबाहेर केवळ प्रेक्षकांसाठी खेळलेला सामना ‘एक्झिबिशन मॅच’. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे तर विद्यार्थ्याला मिळणाऱ्या एका वेतनासही हेच नाव आहे, कारण एके काळी या शब्दाचा अर्थ ‘पोषण’ असाही होता. ‘एक्स्पो’ हे मात्र ‘एक्स्पोझिशन’ या निराळ्या शब्दाचे लघुरूप. गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेविअर यांचे अवशेष दर्शनासाठी बाहेर आणतात, त्या सोहळ्याचे इंग्रजी नाव तेच.

मराठीत आपण ‘प्रदर्शन’ म्हणतो. येथे आपल्यासारख्या तीन भाषांत वावरणाऱ्यांची थोडी गंमत होते. हिंदीत कामगारांनी ‘प्रदर्शन’ केले, म्हणजे मराठीत निदर्शने केली आणि गुजरातीत ‘देखावो’ केला. आणि मराठी माणसाला ‘देखावा’ म्हटले की आठवतो तो गणेशोत्सवातील! शिवाय मराठीत ‘प्रदर्शन करू नकोस’ असे वडीलधाऱ्यांनी सुनावले, तर त्यात श्रीमंतीचा वा विद्वत्तेचा तोरा मिरविण्याचा निषेध असतो. ‘दर्शन’ या शब्दाला ‘प्र’ लागताच एवढा पालट व्हावा! सम्यक् दर्शन हे रत्नत्रयातील पहिले रत्न. आणि प्रदर्शन म्हणजे, पुष्कळदा, मानकषायाचे अंगण.

परंतु प्रत्येक प्रदर्शन त्याज्य, असेही नव्हे. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, श्वेतांबर परंपरेत ज्ञानभांडारांतील हस्तलिखित पोथ्या बाहेर काढून मांडतात व त्यांचे पूजन करतात. पावसाळ्याची ओल व कसर पाहून पोथ्या झटकण्याचे कामही त्याच निमित्ताने होते. हीच आपली लाभपंचमी. याच मुहूर्तावर दिवाळीनंतरची दुकाने उघडतात. सकाळी पोथी मांडायची आणि मग कापड, हा क्रम प्रस्तुत लेखकाला फार अर्थपूर्ण वाटतो. पोथी मांडल्याने तिच्यातील काही उणे होत नाही. कापडाची गोष्ट निराळी आहे.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे महाप्रदर्शन भरले आणि सुमारे साठ लक्ष वेळा लोक ते पाहून गेले. ईस्ट इंडिया कंपनीने तेथे हिंदी माल मांडला; त्यातील नक्षीकामाची तिकडील जाणत्यांनी मुक्तकंठाने वाखाणणी केली. पुढे काय झाले? १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदी कापडांचे प्रत्यक्ष तुकडे कापून १८ खंडांत ७०० नमुने चिकटविले आणि असे २० संच तयार केले. त्यांपैकी १३ संच ब्रिटनमध्ये आणि ७ हिंदुस्थानात ठेवण्यात आले. हिंदी ग्राहकाला काय रुचते हे विलायतेच्या गिरणीवाल्यांना घरबसल्या कळावे, हा त्यातील हेतू उघड होता. विणकराने हात पुढे केला. नमुना दुसऱ्याच्या हाती गेला.

यंत्रे शोधणारे विलायती लोक मात्र याबाबत सावध होते. १८५१ च्या प्रदर्शनात मांडलेल्या शोधांना तात्पुरते संरक्षण देणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी केला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या वेळी नक्कल होण्याच्या भीतीने परदेशी प्रदर्शक कचरू लागले, तेव्हा तेथेही खास कायदा करावा लागला. आणि १८८३ च्या पॅरिस करारात प्रदर्शनांसाठी स्वतंत्र कलमच घातले गेले.

आता आपल्या दारची गोष्ट. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ग्रे ताका येतो आणि रंगून, छापून बाहेर पडतो. ताक्याचे मोल पुष्कळदा त्यावरील डिझाइनवर ठरते. व्यापारी ते नवे डिझाइन हौसेने प्रदर्शनात टांगतो, मागणी बरी दिसली की मग नोंदणीचा विचार करतो. हा क्रम उलटा आहे. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार अर्जाच्या तारखेपूर्वी जे डिझाइन भारतात वा परदेशात लोकांपुढे आले, ते नोंदणीस अपात्र ठरते. स्वतःच्या हाताने टांगलेली साडीच आपल्याविरुद्ध ‘एक्झिबिट’ होते!

कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात, नियंत्रकास विहित नमुन्यात आगाऊ सूचना देऊन डिझाइन मांडले आणि मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला, तर हक्क बुडत नाही. पण हे संरक्षण वाडीतील तीन दिवसांच्या विक्रीला आपोआप लाभते, असा समज कोणी करून घेऊ नये. कापडाच्या बाबतीत आणखी एक सवलत आहे, जी आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असावी: नोंदणी करावयाच्या नव्या कापड-डिझाइनवर गुप्ततेच्या बोलीने घेतलेली पहिली मागणी ही प्रसिद्धी मानली जात नाही. म्हणजे एखाद्या भरवशाच्या आडत्याला नमुना दाखवून पहिली ऑर्डर घेता येते. बोली मात्र लेखी असावी.

‘चित्र आमच्या कारागिराने काढले, तेव्हा त्यावर कॉपीराइट आहेच,’ असे काही बंधू म्हणतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे पंधरावे कलम त्यांनी पाहावे. नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणी केली नाही आणि ते यंत्राने पन्नासाहून अधिक वेळा वस्तूंवर उतरविले, की त्यावरील तो हक्क संपतो. पन्नास साड्या म्हणजे आपल्याकडे किती वेळाचे काम, हे मिलवाल्यांना सांगण्याची जरुरी नाही. उलट नोंदणी केलेल्या डिझाइनला दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते.

तेव्हा पुढील हंगामाचे कॅटलॉग छापावयास देण्यापूर्वी, ज्या चार-दोन डिझाइनांवर आपला खरा भरवसा असेल, त्यांचे अर्ज आधी रवाना करावेत. उरलेली खुशाल टांगावीत.