शेवटचे शंभर मीटर

चारशे मीटरची शर्यत बघताना डोळे हमखास फसतात. शेवटच्या सरळ पट्ट्यावर एखादा धावपटू सुसाट सुटलाय असं वाटतं. खरं तर तोही मंदावत असतो. बाकीचे त्याच्याहून जास्त मंदावलेले असतात, एवढंच!

जीव तोडून धावता येतं ते मोजके सेकंद. स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा तेवढ्यातच आटतो. मग ऑक्सिजन पुरा पडण्याची वाट न बघता शरीर साखर मोडायला घेतं. ऊर्जा झटपट मिळते, पण स्नायूंमधली आम्लताही वाढत जाते आणि तीनशे मीटरनंतर पाय उचलेनासे होतात. यातून कुणाचीच सुटका नाही.

आता अमेरिकेच्या मायकेल जॉन्सनची करामत बघा. २६ ऑगस्ट १९९९, स्पेनमधलं सेव्हिल, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी. पहिले शंभर मीटर ११.१० सेकंदांत (उभ्या जागेवरून वेग घ्यायचा, वेळ जाणारच), दुसरे १०.१२, तिसरे १०.४४ आणि शेवटचे ११.५२. एकूण ४३.१८, विश्वविक्रम! शर्यतीच्या दोन अर्ध्यांत पाऊण सेकंदाचाही फरक नाही. दोनशे मीटरचा विश्वविक्रमही तेव्हा त्याच्याच नावावर होता, १९.३२ सेकंदांचा, तरी इथे पहिले दोनशे त्याने २१.२२ मध्ये काढले. पगार महिनाअखेरपर्यंत पुरवणाऱ्या गृहिणीला हा हिशेब लगेच कळेल.

त्याची धावही अजबच. पाठ ताठ, गुडघे फारसे वर नाहीत, पावलं आखूड पण विलक्षण जलद. लांब ढांगा टाकायला शिकवणाऱ्या कुणालाही खटकावी अशी ही ढब. पण टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठातले त्याचे प्रशिक्षक क्लाइड हार्ट यांनी ती मोडायचा अट्टहास केला नाही. मला विचाराल तर त्याच्या पदकांत हा शहाणपणाही धरायला हवा. १९८९ ते १९९७ या काळात चारशे मीटरच्या सलग ५८ अंतिम शर्यती त्याने जिंकल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सोनेरी बूट घालून दोनशे आणि चारशे, दोन्हींत सुवर्णपदक मिळवलं. एकाच ऑलिंपिकमध्ये हे आजवर दुसऱ्या कुठल्या पुरुषाला जमलेलं नाही. २००० मध्ये सिडनीत, तेहतिसाव्या वर्षी, चारशेचं सुवर्ण पुन्हा त्याचंच. पुढच्या वर्षी निवृत्ती.

सेव्हिलचा विक्रम मात्र सतरा वर्षं टिकला. २०१६ मध्ये रिओला दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन निकर्क आठव्या लेनमधून धावला. ही सगळ्यात बाहेरची लेन. प्रतिस्पर्धी सगळे मागे, डोळ्यांसमोर कुणीच नाही. त्याने हिशेब सरळ उलटा मांडला. पहिले दोनशे साडेवीस सेकंदांच्या आसपास उधळून टाकले आणि मग उरलेल्या दमावर तग धरला. शेवटच्या शंभरांना त्याला साधारण बारा सेकंद लागले, म्हणजे जॉन्सनपेक्षा जास्तच. तरीही घड्याळ थांबलं ते ४३.०३ वर.